वाढत्या अंगाची टाकी

जूनच्या शाळेच्या सुट्टीतला पहिला शनिवार. रक्कम एकशे ऐंशी डॉलर, नुसत्या काचेच्या टाकीचे. हजर : मी, बायको, आमची तेरा वर्षांची मुलगी, माशांच्या दुकानाची मालकीण आणि पाण्याने फुगलेल्या पिशवीत वेटोळं करून पडलेला वीतभर लांबीचा एक मासा. माशाचे बावीस डॉलर मुलीने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून दिले, म्हणून ते वरच्या रकमेत धरलेले नाहीत.

मुळात मुलीला साप हवा होता. इथे घरात साप पाळायला कायद्याने बंदी आहे. सिंगापूरच्या कायद्यांबद्दल लोक काय वाटेल ते बोलोत, हा कायदा करणाऱ्याला मी मनातल्या मनात पेढे भरवले होते. पण माझी मुलगी कायदा वाचते. आठवडाभरात ती रोप फिश घेऊन आली, म्हणजे अजून फक्त फोनवर. आफ्रिकेतला, दोरीसारखा लांबुळका मासा. सापासारखा वळवळतो, अंगावर सापासारखे कडक खवले, मधूनमधून वर येऊन हवेत श्वास घेतो, आणि झाकण नीट लावलं नाही तर टाकीतून निघून फिरायलाही जातो.

"बाबा, इट्स अ फिश, वॉट," ती म्हणाली. "फिश इज अलाउड."

"म्हणजे कायदा पाळायचा आणि हौसही पुरवायची," बायको म्हणाली. "ही नक्की तुझीच मुलगी."

बायकोने अट घातली. महिनाअखेरपर्यंत तो मासा नीट खाऊ-पिऊ लागलेला तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तर राहील. नाहीतर परत दुकानात. काचेत बसून उपाशी मरणारा जीव ती हॉलमध्ये बघत बसणार नाही. मुलीने अट मान्य केली, आणि दुकानाच्या मालकीणबाईंनीही परत घ्यायची तयारी दाखवली. राहिला प्रश्न टाकीच्या मापाचा. तो माझ्याकडे आला, कारण टाक्या हा माझा विषय आहे.

मी जुरोंग आयलंडवर काम करतो. रोज सकाळी कंपनीची बस, गेटवर पास, आणि आत तेलाच्या टाक्याच टाक्या. त्यातल्या मधल्या मापाच्या टाकीतसुद्धा मरीन परेडची आमची अख्खी इमारत नाही, पण आमचा मजला नक्की मावेल. आमच्या धंद्यात लहान टाकी घेऊन पुढे पस्तावलेले लोक मी पाहिलेत. मोठी घेऊन पस्तावलेला एकही नाही.

दुकानात दोन टाक्या शिल्लक होत्या. पहिली पंचेचाळीस सेंटीमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच : साडेचाळीस लिटर, छत्तीस डॉलर. दुसरी एकशे वीस लांब, पंचेचाळीस रुंद, चाळीस उंच : दोनशे सोळा लिटर, एकशे ऐंशी डॉलर.

"बेबी ओन्ली," मालकीण पिशवी उजेडाला धरत म्हणाली. "स्मॉल ऑल्सो कॅन. बिग ऑल्सो कॅन. यू डिसाइड, बॉस."

मुलीला लहान हवी होती. पिल्लू मोठ्या टाकीत बावरतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. मी तिला शांतपणे समजावलं. हा मासा उद्या हातभर होणार, तेव्हा मोठी टाकी लागणारच. मग दोनदा खर्च कशाला? शिवाय लहान टाकी लिटरमागे एकोणनव्वद सेंटला पडते, मोठी त्र्याऐंशीला. लहानीच्या भावाने मोठीचे एकशे ब्याण्णव होतात. आपल्याला एकशे ऐंशीला मिळतेय. बारा डॉलर वाचले.

"कुठे आहेत?" बायकोने विचारलं.

"काय?"

"बारा डॉलर. वाचले ना? मग दाखव."

मुलीने तेवढ्यात पुलाउ उबीन काढलं. आमच्या घरात माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून उबीन दर दोन महिन्यांनी निघतं. ती आठ वर्षांची असताना आम्ही बोटीने त्या बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. लहान सायकल आणि मोठी सायकल, दोन्हींचं दिवसाचं भाडं एकच. एकाच भाड्यात लहान सायकल कोण घेईल? मी तिला मोठी घेऊन दिली. तिचे पाय पेडलला पोचत नव्हते. तिने ती दिवसभर हाताने ढकलत बेटभर फिरवली.

"बट इट वॉज गुड व्हॅल्यू, राइट बाबा?" ती म्हणाली.

मी एकशे ऐंशी डॉलर भरले.

टाकी घरी आली. टीव्ही बेडरूममध्ये गेला, जेवणाचं टेबल भिंतीला चिकटलं. घर भाड्याचं, म्हणून आधी मालकाला विचारलं आणि वजनाचा हिशेब केला. काठोकाठ भरायची नाही, म्हणून पाणी एकशे नव्वद लिटर म्हणजे तेवढेच किलो. काच आणि वाळू धरून अडीचशेच्या घरात. म्हणजे चार धडधाकट पाहुणे भिंतीला लागून उभे राहिल्यासारखं. एवढा भार जमीन सहज पेलते, असं मी घरात जाहीर केलं.

"पाहुणे कधीतरी जातात तरी," बायको म्हणाली.

मासा टाकीत सोडला. तो तळाशी गेला, एका टोकाला फिल्टरच्या नळीमागे शिरला आणि दिसेनासा झाला.

पुढे जवळजवळ दोन आठवडे आमच्याकडे एकशे वीस सेंटीमीटर पाणी होतं. लोक बघायला यायचे. ऑफिसातल्या एका मित्राने टाकीसमोर खुर्ची घेऊन चहा संपवला आणि निघताना म्हणाला, "पाणी मात्र छान आहे हं." एकदा बायकोला मासा तीन कोपऱ्यांत दिसला नाही, तेव्हा तिने चपला घातल्या आणि झाडूच्या दांड्याने सोफ्याखाली शोधलं. झाकणाच्या फटी मी स्पंजने बुजवलेल्या होत्या, हे मी तिला सांगत होतो. ती म्हणाली, "तुझ्या मापांवर माझा विश्वास आहे, पण चपला राहू देत." तो चौथ्या कोपऱ्यात होता.

खरा घोर खाण्याचा होता. मुलगी रोज संध्याकाळी गोठवलेल्या लाल अळ्या पाण्यात सोडायची. ह्या माशाची नजर अधू, तो वासावर अन्न शोधतो. अळ्या फिल्टरच्या प्रवाहात सापडून टाकीभर पांगायच्या. पिल्लू नळीमागून डोकं काढायचं, वास घ्यायचं आणि नेमकं उलट दिशेला निघायचं. अर्ध्या वाटेत कसल्याशा सावलीला घाबरून परत नळीमागे. मी अळ्या दुप्पट केल्या. मोठ्या टाकीला जास्त माल लागतो, हे उघड आहे. त्या कुजल्या आणि पाणी गढूळ झालं. आता तर पाणीही छान राहिलं नाही.

माशाचं पोट आत गेलं होतं. मुलगी गुडघ्यांवर हनुवटी टेकून टाकीसमोर जमिनीवर बसायची. उबीन काढणं तिने बंद केलं. हे मला टोमण्यांपेक्षा जड गेलं. एका सकाळी मी बूट घालायला गेलो तर बुटांच्या कपाटाशेजारी आमची निळी बादली, घासून लख्ख केलेली, वर झाकण. महिना संपायला दहा-बारा दिवस होते. तिने माशाला परत न्यायची बादली आधीच काढून ठेवली होती. मी बूट चढवले आणि निघालो. बस चुकली असती.

त्याच संध्याकाळी बायको सोफ्यावर मुलीचा शाळेचा स्कर्ट घेऊन बसली होती. सुट्टी संपत आली होती आणि मुलगी उंच झाली होती. स्कर्ट अर्थातच जानेवारीत मी घेतलेला, दोन मापं मोठा. आमच्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचेच घेतात. माझे घेतले, माझ्या वडिलांचे घेतले. सहा वर्षांत हिचे प्रायमरीचे पिनाफोर मी फक्त दोनदा विकत घेतले, आणि तो आकडा मी चारचौघांत अभिमानाने सांगतो.

बायको कात्रीच्या टोकाने स्कर्टची खालची दुमड उसवत होती. दोरा दातात धरूनच म्हणाली, "तू मोठं घेतोस, ते चुकीचं नाही रे."

मी सावध झालो. ती अशी सुरुवात करते तेव्हा पुढे काहीतरी असतं.

"पण त्या पिनाफोरात ही पहिल्या दिवशी शाळेत चालली कशी? पाय अडकून पडली का नाही?"

"का?"

"कारण आदल्या दिवशी बसून मी चार बोटं दुमड घातली होती. मग दर वर्षी एक-एक बोट सोडली. तू माप घेतोस आणि मोकळा होतोस. दुमड कोण घालतं?" तिने कात्री टाकीकडे रोखली. "त्या बिचाऱ्याला तू चौथीचा पिनाफोर घालून पहिलीत पाठवलायस. दुमड घाल त्याला."

मुलगी जमिनीवरून उठली. "आई. पार्टिशन!"

"तुम्ही त्याला काय म्हणायचं ते म्हणा."

मी खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून बारीक छिद्रांचा प्लास्टिकचा पत्रा आणला. पाणी इकडून तिकडे जावं, मासा जाऊ नये, असा. पत्रा कुठे उभा करायचा यावर वाद झाला. मी साठ म्हणत होतो. बरोबर मध्य, हिशेबाला सोपा. बायको चाळीस म्हणाली. मुलगी म्हणाली पंचेचाळीस, आणि पंचेचाळीसच ठरलं. फिल्टर पत्र्याच्या पलीकडे, मासा अलीकडे. मासा घरात आल्यापासून त्याला लपायला नीट जागा नव्हती, म्हणून मुलीने प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा तळाशी ठेवला.

बायको मागे उभी राहून बघत होती. "पंचेचाळीस," ती म्हणाली. "हे माप मी कुठे बरं पाहिलंय? हां, छत्तीस डॉलर."

मासा पाइपात शिरला. त्याच्या दोन्ही कुशींना पाइप टेकत होता. नळीमागे तो आक्रसून असायचा. इथे हळूहळू सैल झाला आणि नाक बाहेर काढून बसला.

दोन-तीन संध्याकाळी काहीच झालं नाही. मग एकदा मुलगी चिमट्यात एक अळी धरून पाइपच्या तोंडाशी नेत होती आणि मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो होतो. डोकं बाहेर आलं. नाक डावीकडे, मग उजवीकडे. आणि अळी चिमट्यात राहिली नाही.

"बाबा," ती न हलता पुटपुटली, "डोन्ट मूव्ह. प्लीज लाह."

मी हललो नाही. त्याने सहा अळ्या खाल्ल्या. तोवर माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या, आणि शेवटी उठताना मला तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. तिने हसत आईला हाक मारली, "आई, कम अँड सी, बाबा इज स्टक."

महिनाअखेरीला बायकोने रीतसर तपासणी केली. चष्मा लावला, टाकीपाशी वाकली आणि माशाचं जेवण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. त्याचं पोट भरलं होतं. खवले दिव्याच्या उजेडात सापासारखेच चकाकत होते, हे तिनेच म्हटलं. मुलगी तिच्या तोंडाकडे बघत होती. बायको दाराशी गेली, निळी बादली उचलली आणि बाथरूममध्ये नळाखाली नेऊन ठेवली. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि जागच्या जागी पाय आपटले. खालच्या मजल्यावर ते नक्कीच ऐकू गेलं असेल. मी भाराचा हिशेब केलेला होता, त्यामुळे चिंता नव्हती.

आज पत्रा साठवर आहे. मासा वाढला की आम्ही थोडी-थोडी दुमड सोडतो. एक दिवस पत्रा काढून टाकू, आणि त्या दिवशी मोठी टाकी घ्यावी असं कोण म्हणालं होतं, याची मी घरात आठवण करून देणार आहे. लहान टाकी तेव्हा कोपऱ्यात धूळ खात पडली असती.

हे मी बायकोला बोलून दाखवलं. तिने मान्य केलं. मग हात पुढे केला.

"शिलाई."

"कसली?"

"दुमडेची. कल्पना माझी होती. आणि मागच्या सहा वर्षांच्या पिनाफोरांचीही धर."

"किती?"

"तू सांग. टाकी घेताना किती वाचले होते?"

तेव्हा शेवटी दिलेली रक्कम अशी : प्लास्टिकच्या पत्र्याचे नऊ डॉलर, खालच्या हार्डवेअरच्या दुकानाला. आणि बारा डॉलर रोख, बायकोला. तिने ते मोजून घेतले आणि मुलीला दाखवले.

"बघ," ती म्हणाली, "खरंच वाचले होते."