टॉमची भाकरी

आखातातल्या मंगफच्या मराठी मंडळात बातमी फिरली होती की प्रभामावशी उजगरेंना आयरिश पासपोर्ट मिळाला, आता त्या नर्सची नोकरी सोडून डब्लिनला राहायला जाणार. "घारे डोळे उगाच नाहीत हो!" अशी वर कुणाची तरी फोडणी.

खरं एवढंच होतं, की मावशींचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपत आला होता आणि त्या इगतपुरीला, आईकडे परत चालल्या होत्या. आयरिश होता तो आईचा पणजोबा, टॉम. घाटात रेल्वेचे बोगदे खोदायला आला, तिथल्याच बाईशी संसार मांडला, तिथल्याच मातीत गेला. थडग्यावर नुसतं नाव. दर वर्षी मृतांच्या दिवशी आई तिथे मेणबत्ती लावायची आणि विचारायची, "बाबा, तुझा मुलूख कुठला रे?"

"मी शोधून आणते," असा शब्द मावशींनी दिला होता. पण आयर्लंडमध्ये टॉम निघाले पैशाला पासरी. आई नव्वदीला टेकलेली, आणि मावशी रिकाम्या हातांनी निघालेल्या.

हे सगळं शेजारच्या जुईलीला पाठ होतं. सोळा वर्षांची जुईली स्वतः बोलायची ती इंग्रजीत. मराठी तिला फुटायची ती दुसऱ्याच्या आवाजात. मावशींचं खाकरून "हो का गं बाई" म्हणणं तर ती असं करायची की मावशीच वळून बघायच्या.

शेवटच्या शुक्रवारी मावशींनी हॉस्पिटलातल्या आयरिश नर्सला, युनाला, जेवायला बोलावलं. बेत टॉमच्या भाकरीचा, त्याच्यापासून घरात चालत आलेल्या. मैदा, खायचा सोडा, आणि ताकाऐवजी इथलं लबन. युनाने ती पूर्वी खाल्ली होती. ओव्हनमध्ये फुगवलेली, गोल, वर क्रुसाची चीर. "छान. पण ही आमच्याकडे घरोघरी असते," म्हणाली होती. त्यावरून काय कळणार?

पीठ मळून झालं आणि मावशींचा ओव्हन विकत घेतलेला, जलीब वस्तीतला शत्रुघ्न पिकअप घेऊन दारात हजर.

"मावशी, ओव्हन न्यायला आलो."

"अरे, आज? उद्या ठरलं होतं नं!"

"उद्या गाडी नाही मिळत हो."

ओव्हन गेला. सोड्याचं पीठ काही थांबत नाही. मावशींनी चरफडत तवा चढवला, पीठ जाडसर थापलं, चार चतकोर तुकडे केले आणि भाजले.

"आई अशीच करते. गरिबीतली रीत," त्या युनापुढे ओशाळून म्हणाल्या. "ओव्हन नव्हता नं आमच्याकडे."

युनाने तुकडा उलटापालटा केला. "माझ्या आजीकडेही नव्हता. आयर्लंडच्या उत्तरेला, डेरी शहराच्या बाजूला. तिकडे अशीच करतात, चार तुकडे, तव्यावर. खाली दक्षिणेत नाही करत कुणी."

मावशी तव्याकडे वळल्या. "म्हणजे आई बरोबर करत होती. आणि मी मेली इतकी वर्षं ती भाकरी सुधारत बसले!"

गाव नाही, पण मुलूख सापडला होता. आईला फोन लावायचा, तर मावशींना रडूच आवरेना.

"मी सांगते, तुमच्या आवाजात," जुईली तिच्या इंग्रजीत म्हणाली. "आजींना कळणारसुद्धा नाही. पैज!"

"हरलीस तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

जुईली खाकरली. "आई, ऐकतेस नं? टॉमबाबाचा मुलूख सापडला गं बाई! उत्तरेचा, डेरीकडचा. आज तव्यावर भाकरी केली, तुझ्यासारखी चार तुकड्यांची, त्यावरून युनाने ओळखलं!"

 पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज.

"कोण गं तू?"

"अगं, प्रभा."

"हट्! आमची प्रभा तव्याला हात लावायची नाही. माझ्याशी भांडून ओव्हनच पाहिजे म्हणते ती. खरी दे तिला फोनवर. आणि तो मुलूख परत सांग, सावकाश."

मावशींनी एका हाताने फोन घेतला, दुसऱ्या हाताने डोळे पुसले, आणि परात कोपराने जुईलीकडे सरकवली.

"हरलीस. आता ही भाकरी तू करायची, काढ फ्रीजमधलं लबन. तवा तुझ्याकडे ठेवून जाणार आहे मी."