शेवंताक्काचं झाकण

नव्या माणसाला लोक आधी गाव विचारतात. शेवंताक्का आधी त्याच्या नाकाखाली स्टीलचं झाकण धरायची. माठाच्या पाण्यात गार केलेलं, पदराला पुसलेलं. श्वासाचे दोन धुरकट ठिपके उमटले तर लगेच चहा. एकच उमटला तर चहाआधी उपदेश.

कुळगीच्या पुढच्या वाडीत मी मास्तर म्हणून गेलो आणि तिच्याच घरात खोली घेतली. माझं कपाळ सारखं ठणकायचं. चष्मा बदलून झाला, जागरणं बंद झाली, शेवटी पोरांच्या नावानं खडे फोडून झाले. झाकणावर माझा एकच ठिपका उमटला.

"मास्तर, तुमचं एक दार बंद हाय की," अक्का म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

तिच्या नवऱ्याच्या नाकावर ऐन जवानीत बांबू बसला होता. तेव्हापासून तो जन्मभर डोकं धरून बसला. "आमी दिष्ट काढली, उळवीच्या जत्रेत नारळ फोडला," ती सांगायची. "नाकात कुणी बघितलंच न्हाई. आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरानं असं झाकण धरून दावलं, तवर ह्यांचं वय निघून गेलं हुतं."

नागपंचमीला तिनं हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा घाट घातला. मी ओसरीवर होतो. आतून तिनं विचारलं, "मास्तर, वास कसा येतोय?"

"वा! नुसता घमघमाट!"

अक्का दारात येऊन उभी राहिली. "अजून चूल पेटवली न्हाई मी."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत बेळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. नाकातला पडदा वाकडा होता. डोकेदुखीला तेही एक कारण असू शकतं, पण खात्री देत नाही, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं. हळूहळू कपाळ शांत झालं. दोन ठिपके बघून अक्का लहान पोरीसारखी हसली.

"आता पुढल्या पंचमीला खरं सांगायचं," तिनं बजावलं.

उन्हाळ्यात ती तापानं गेली. चार दिवसांत.

यंदा पंचमीला तिच्या सुनेनं पातोळ्या केल्या. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. एकाएकी वास आला, वाफाळलेल्या पानाचा, गुळखोबऱ्याचा. अक्का हवी होती. अगदी तेवढ्यापुरती तरी हवी होती.

"वास येतोय गं, अक्का," मी मोठ्यानं बोलून गेलो.

सून बाहेर आली. माझे डोळे बघून घाबरली. "डोकं उठलं काय, मास्तर?"

"न्हाई," मी म्हणालो. "नाक चोंदलंय जरा."