ताईच्या जागी पेडल

भिंगे हे त्यांचं आडनाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून एकतीस वर्षं भिंगं घासली, म्हणून कुणीतरी एकदा सहज भिंगे म्हणालं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पगाराच्या पाकिटावर मालकसुद्धा तेच लिहायचे. भिंग्यांनी कधी हरकत घेतली नाही. हरकत घेणं हा त्यांचा पिंडच नव्हता. त्यांच्या वाटची भांडणं त्यांची ताई भांडायची.

ताई पाच वर्षांनी मोठी, एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला. दोघांची लग्नं राहून गेली होती. आधी आईचं दुखणं, मग वडिलांचं, आणि मग "आता या वयात कुठे" असं म्हणता म्हणता वय आणखी वाढत गेलं. दोन खोल्या, दोन कपाटं, वर्तमानपत्र मात्र एकच. त्याचं बाहेरचं पान आधी कोणी वाचायचं यावरून रोज सकाळी कुरबूर व्हायची, तीही ताईच जिंकायची.

दर रविवारी दुपारी भिंगे एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये गिटार वाजवायचे. गळ्यात अडकवतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. तिच्यात सूर तुटत नाही, एकातून दुसऱ्यात घरंगळत जातो. पण तिचा खरा जीव आवाजाच्या चढउतारात. तार छेडताना आवाज अगदी बारीक हवा आणि लगेच हळूहळू वाढायला हवा, म्हणजे छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही. कुणीतरी श्वास भरून गायला लागल्यासारखं वाटतं. आता दोन्ही हात तर गुंतलेले. आवाज वाढवणार कोण?

ताई. ॲम्प्लिफायरशेजारी एका बुटक्या स्टुलावर ती बसायची. उजव्या हातात मासिक, डावा हात आवाजाच्या बटणावर. सव्वीस वर्षं, दर रविवारी बसची दोन तिकिटं काढून. मासिकातून डोळे वर न काढता ती बटण असं फिरवायची, की हॉलमधल्या कुणाला वाटावं गिटारच श्वास घेतेय. "तुला कळतं कसं गं?" असं भिंग्यांनी एकदा विचारलं होतं. ताई म्हणाली, "तुला लहानपणी झोपवलंय मी. तू कधी रडणार ते मला आधी कळतं."

आणि मग ताईने लग्न केलं.

सत्तावन्नाव्या वर्षी! भूगोलाचे एक निवृत्त मास्तर, विधुर, दर रविवारी जेवायला यायचे. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ते ॲम्प्लिफायरच्या अगदी शेजारचं टेबल धरायचे. "बाई, जरा वाढवता का?" एवढ्यावरून सुरू झालेलं बोलणं दोन वर्षांत कुठल्या कुठे गेलं. भिंग्यांची नजर तारांवर, त्यांना पत्ताच नाही. ताईने सांगितलं तेव्हा ते घास हातात धरून बसून राहिले.

"रागावलास?" ताईने विचारलं.

"छे! रागवायचं काय? चांगलं झालं," भिंगे म्हणाले. आणि ते खरंही होतं. माणूस चांगला होता, ताई खुशीत होती. भाऊ म्हणून आनंद व्हायला हवा तेवढा झालाही. फक्त ती मास्तरांच्या गावी गेल्यावर, बसने सात तासांवर, पहिल्या सोमवारी भिंग्यांनी वर्तमानपत्र उचललं, बाहेरचं पान आपसूक बाजूला काढून ठेवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता सगळी पानं आपलीच आहेत. त्या दिवशी ते न वाचताच कामावर गेले.

रविवारी त्यांनी बटण एका जागी ठेवून वाजवलं. जेवणं आटोपल्यावर मॅनेजर जवळ आला. "आज जरा मोठं वाजतंय हो. लोकांना बिल मागायला ओरडावं लागलं." पुढच्या रविवारी त्यांनी कमी ठेवलं, तर वाट्या-चमच्यांच्या आवाजात गिटार बुडाली. मग गिटारवरचंच बटण करंगळीने फिरवून पाहिलं. तीन गाण्यांत करंगळीला पेटका आला. मॅनेजर तसा भला माणूस, पण म्हणाला, "बघा काहीतरी. नाहीतर रेकॉर्ड लावून काम भागतंच."

टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीत वाद्यांचं एक दुकान होतं. दुकान एक बाई चालवायच्या. पन्नाशीच्या असतील, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. भिंग्यांनी आपली अडचण सांगितली.

"म्हणजे व्हॉल्यूम पेडल पाहिजे तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पायाखाली ठेवायचं. पुढे दाबलं की आवाज वाढतो, टाचेकडे आणलं की कमी. पण आतापर्यंत कसं चालवलंत?"

"बहीण होती."

"अरेरे..."

"नाही नाही, लग्न झालं तिचं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "केवढी आहे बहीण?"

"सत्तावन्न."

बाई खळखळून हसल्या, आणि भिंगेही हसले. कितीतरी दिवसांत असं कुणाबरोबर हसणं झालं नव्हतं, हे त्यांना हसता हसताच जाणवलं.

बाईंची नजर त्यांच्या पायांकडे गेली. "वाजवताना चपलाच असतात का?"

"नाही, बूट. हॉलचा नियम आहे."

"मग तेच बूट घालून या. आणि गिटारही आणा. जोडे घ्यायला जाताना माणूस पाय घरी ठेवून जातो का?"

शनिवारी भिंगे रविवारचे बूट घालून, गिटार घेऊन हजर झाले. बाईंनी चार पेडलं जमिनीवर मांडली.

पहिलं प्लास्टिकचं, सगळ्यांत स्वस्त. भिंग्यांनी पाय टेकवून दाबलं तर ते फरशीवरून सरकून पुढेच गेलं. "हे पळपुटं," ते म्हणाले. वर आवाजही असा मंद झाला, की गिटारवर कुणी गोधडी टाकावी. बाईंनी सांगितलं, ते कीबोर्डसाठी केलेलं असतं. गिटारला लावलं की वरचे सूर खाऊन टाकतं. दुसरं मात्र राजा होतं. जड, रुंद, लोण्यासारखं चालणारं. किंमत ऐकून भिंग्यांनी बूट असा उचलला, जणू कुणाच्या शेपटीवर पाय पडला होता.

तिसऱ्यापाशी ते रेंगाळले. त्याच्यात घासणारं काही नव्हतं. आत एक बारीक दिवा होता आणि पायासरशी हलणारा पडदा. उजेड जितका, तितका आवाज. घासलं की झिजतं हे भिंग्यांहून जास्त कुणाला ठाऊक असणार? पण त्याला वेगळी वीज लागायची आणि हॉलमध्ये त्यांच्या वाट्याला प्लग एकच. शिवाय ते खिशाला अजून जरा जडच जात होतं.

चौथं जुनं होतं. लोखंडी, वजनदार, टाचेच्या जागेवरचा रंग उडालेला. जागचं हलत नव्हतं, चालही संथ आणि लांब. पण दाबलं की आवाजाबरोबर खरखर यायची.

"आतलं फिरतं बटण झिजलंय," बाई म्हणाल्या. "एक दोरी आहे, ती पायाबरोबर त्याला फिरवते. बटण नवीन टाकलं की पेडल नवं. सुटं बटण स्वस्त आहे. फक्त गिटारचं घ्यायचं, कीबोर्डचं नाही. झाळकाम येतं? सोल्डरिंग?"

"येत नाही. पण केसाच्या जाडीची कसर हाताने काढतो रोज. जमेल."

असं म्हणता म्हणता त्यांनी सवयीने शर्टाच्या खिशातला बारीक पेचकस काढला आणि हात पुढे केला. बाईंनी चष्मा काढून दिला. दोन्ही दांड्यांचे स्क्रू आवळून, नाकावरची पकड किंचित आत घेऊन त्यांनी तो परत दिला. बाईंनी मान हलवून पाहिली. चष्मा जागचा हलला नाही.

"याचे किती झाले?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

बाईंनी सुटं बटण कागदात बांधून पेडलाबरोबर दिलं आणि पैसे फक्त पेडलाचे घेतले.

दुरुस्तीला दोन संध्याकाळी लागल्या. दोरी एकदा उलटी गुंडाळली गेली, एकदा बोट भाजलं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून पेडल पायाखाली घेतलं. खरखर गेली होती. आवाज पाण्यासारखा वर चढला. भिंगे अगदी हरखून गेले. पाय सुरुवातीला हाताच्या मागे राहायचा, मग बरोबर येऊ लागला. ताई निघताना म्हणाली होती, "माझ्यावाचून तुझं काही अडत नाही बघ." ते खरं ठरतंय की काय असं त्यांना वाटलं.

आणि मग ते त्यांच्या सगळ्यांत आवडत्या चालीच्या वरच्या टोकाला पोचले. तिथे कांडी पार वर, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या जवळपास न्यावी लागे. ताई गेल्यापासून आवाजाच्या खटपटीत ते इतक्या वर गेलेच नव्हते. भिंग्यांनी पाय पुढे दाबला आणि सूर उघडा पडला. बेसूर. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. दुसरी चाल घेतली, तिच्याही वरच्या सुरात तीच कसर. सव्वीस वर्षं ही जागा आपण उत्तम वाजवतो अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, त्या वरच्या जागेला तू काय करायचीस गं?"

ताई म्हणाली, "कमी करायचे."

"नेहमी?"

"मग काय! लोकांना ऐकवायचं होतं का ते?"

"सांगितलं का नाहीस मला?"

"एकदा सांगणार होते. त्याच दिवशी तू इतका खुशीत होतास... मग राहून गेलं." मागून मास्तर काहीतरी मोठ्याने विचारत होते, ताई त्यांना त्याहून मोठ्याने म्हणाली, "भाऊ आहे, भाऊ!" मग परत फोनवर, "जेवलास का रे?"

"जेवलो," भिंगे म्हणाले. जेवले नव्हते. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ पेडलावर पाय ठेवून बसले होते. ताईचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. माणसाला तेवढीच सोबत होते.

रविवारी हॉलमध्ये त्यांनी ती चाल टाळायचं ठरवलं होतं, पण हात सवयीने तिच्यावर गेला. वरची जागा आली. पाय मागे घ्यायचा होता, तो पुढे गेला. बेसूर सूर भल्या मोठ्या आवाजात हॉलभर पसरला. भिंग्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी घाबरून मान वर केली.

कुणीही पाहत नव्हतं. एक बाई लेकराच्या तोंडात घास कोंबत होती. दोघे पुरुष जमिनीच्या व्यवहाराचं बोलत होते. ॲम्प्लिफायरशेजारचं टेबल रिकामं होतं. मॅनेजर दारापाशी आकडेमोड करत उभा. आपली चूक झाकणारं कुणी नाही याची भीती घेऊन भिंगे आले होते. ती पकडणारंही कुणी नाही, हे त्यांना आत्ता कळलं. ते जास्त लागलं.

त्यानंतर त्यांनी काय केलं, तर काच घासतात तशी ती जागा घासली. कामावरून आले की चूल पेटवायच्या आधी अर्धा तास फक्त तेवढेच तीन सूर. कांडी किंचित पुढे, ऐक. किंचित मागे, ऐक. शेजाऱ्यांनी एकदा भिंतीवर थापा मारल्या. पावणेदोन महिने लागले. मग एका बुधवारी सूर जागेवर बसला, आणि दुसऱ्या दिवशीही बसलेलाच होता. सांगायला घरात कुणी नव्हतं. ताईला कळवावं असं मनात आलं, पण फोनवर ती "ऐकव बघू" म्हणाली असती आणि फोनमधून यातलं काही पोचत नाही, म्हणून राहू दिलं.

हॉटेलातलं काम टिकलं. पायही तयार झाला. पुढे एका रविवारी वाजवून झाल्यावर भिंगे पेडल पिशवीत घालून बसथांब्यावर उभे होते. बस यायला वेळ होता. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आज दोन तास वाजवलं आणि ताईची एकदाही आठवण आली नाही. कुणाचं तरी काही हरवून यावं तसं त्यांना झालं. ते उगाच मागे वळून हॉटेलच्या दाराकडे बघत राहिले. मग बस आली. खिडकीजवळची जागा मिळाली, त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि वाहकाकडून एक तिकीट घेतलं.