पाण्यातला ण

आबा फोनवर ‘आहे’ म्हणाले तेव्हा मला आधी हसूच आलं. तब्येत कशी आहे, एवढंच मी विचारलं होतं, तर पलीकडून उत्तर आलं, "बरी आहे. तुझी कशी आहे?"

माझे वडील जन्मात कधी ‘आहे’ म्हणाले नव्हते. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. तिथं सगळं ‘हाय’ असतं आणि नसलं तर ‘न्हाई’ असतं. आबांचा फोन आला की मोबाइल कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. "हां माय, काय करायलीस? जेवलीस का? कावून आवाज बारीक येयलाय तुझा?" हे सगळं एका दमात. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मीही म्हटलं, "अय्या, आज आबांना पुण्याचं वारं लागलं वाटतं!" ते हसले नाहीत. "ठेवतो," म्हणाले आणि ठेवला.

मग कळलं. ते चेष्टा करत नव्हते.

मी लग्नानंतर पुण्यात राहते आणि लिहिते. गेल्या वर्षी माझी एक हलकीफुलकी प्रेमाची कादंबरी आली. गोष्ट साधी आहे: पुण्याचा मुलगा, बीडकडची मुलगी, दोन्ही घरचे गैरसमज आणि शेवटी अक्षता. त्यातला मुलीचा बाप मी सरळ आबांवरून उचलला. नाव बदललं, मिशा थोड्या वाढवल्या, झालं. बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलं.

आणि वाचकांनी त्या बापालाच डोक्यावर घेतलं! रोज सकाळी उठले की आधी मोबाइल उघडायचा आणि अभिप्राय वाचायचे, हा माझा उद्योग झाला होता. कुणी म्हणे, एका बैठकीत संपवली. कुणी म्हणे, मधे जरा रेंगाळते, पण बाप आला की पैसे वसूल. एका मुलीने लिहिलं होतं, इतका समजूतदार नायक कुठे मिळतो, पत्ता कळवा. एक गृहस्थ म्हणाले, शेवट पहिल्या पानावरच कळला, तरी बापासाठी वाचत राहिलो. त्याची भाषा वाचून हसून हसून पोट दुखलं, असं तर कितीतरी जणांनी लिहिलं.

सगळ्यांचा आवडता प्रसंग एकच. बाप मुलाच्या घरी जातो आणि म्हणतो, "जरा पानी द्या वं." मुलाची आई गोड हसून म्हणते, "पानी नाही हो, पाणी." बाप तांब्यात डोकावून बघतो आणि विचारतो, "तुमच्याकडचं निराळं ऱ्हातं का?"

तो प्रसंग अर्धा खरा आहे. माझ्या लग्नाची बोलणी करायला आबा पुण्याला आले होते, तेव्हा माझ्या सासूबाईंनी त्यांना अगदी असंच सुधारलं होतं. खोलीत सगळे हसले. मीही हसले, आणि सगळ्यांच्या आधी हसले. मला त्या घरात जायचं होतं ना! आबांनी मात्र काही उत्तर दिलं नव्हतं. पुढ्यातला ग्लास संपवला आणि संध्याकाळपर्यंत, भर उन्हाळ्यात, पुन्हा पाणी मागितलं नाही. उत्तर मी दिलं, कादंबरीत, इतक्या वर्षांनी. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, मी आबांना जिंकवलं. आता त्याची आठवण झाली तरी कानशिलं तापतात.

एवढ्यावरही भागलं असतं. पण एका बाईंनी अभिप्रायात विचारलं, "असे नग खरंच असतात का हो तिकडे?" मी लगेच उत्तर टाकलं, "असतात की! माझ्या माहेरीच आहे एक!" आणि पुढे ती हसून हसून रडणारी पिवळी तोंडं, ओळीनं. बाकीच्या कौतुकासोबत त्याचाही फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर पाठवून दिला. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे! ग्रुपवर आबा आहेत. ते चष्मा लावून सगळं वाचतात, कुणी पाठवलेला सुप्रभातसुद्धा. त्यांनी नेहमीसारखा अंगठा पाठवला, आणि मला वाटलं, आवडलं त्यांना.

त्या ‘आहे’च्या फोननंतर मी आईला फोन केला. ती आधी टाळत होती, मग म्हणाली, "पुस्तक वाचलं गं त्यान्नी. मोबाइलवरचं तुझं ते बी दाखवलं मला. म्हनले, नग म्हंजे काय गं? म्या म्हनलं, दागिन्याला बी नगच म्हनत्यात की."

"मग?"

"मग काय. म्हनले, मला कळतंय."

त्यानंतर प्रत्येक फोनला तेच. आहे, नाही, बरं आहे, ठेवतो. मला दुसरं काही नको होतं, आबांनी पुन्हा एकदा "कावून गं माय" म्हणावं, एवढंच. फोनवर माफी मागायची हिंमत होईना. अशात धारूरला वाचकांसोबत गप्पांचा कार्यक्रम ठरला. म्हटलं, बरं झालं, समोरासमोर बोलता येईल.

आबा कडक इस्त्रीचं धोतर नेसून, नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते, आई शेजारी. इथल्या वाचकांनाही बाप आवडला होता. "आमचा मामा शेम असाच हाय," असं कुणी म्हटलं की सगळे खो खो हसायचे. मी आबांकडे बघत नव्हते, टेबलावरच्या फुलांकडे बघत होते. शेवटी संयोजकांना उत्साह आवरेना. "ज्यांच्यावरून हा बाप आला, ते आपल्यातच आहेत. दोन शब्द बोला, आबा!"

टाळ्या वाजल्या. आबा उठले. गावातली एक सोयरीक त्यांच्याशिवाय जुळत नाही, नारायणगडाच्या यात्रेतसुद्धा गर्दीतून त्यांचा आवाज ओळखू येतो. ते माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलीने पुस्तक लिहिलं आहे. आम्हाला... आनंद झालेला आहे. हे पुस्तक... वाचनीय आहे." मग थांबले. पुढचा शब्द सापडेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, आपल्या भाषेत होऊ द्या की!" आणि सगळं सभागृह हसलं. प्रेमानंच हसलं, पण हसलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी सोसला असता. काही चुकलं का, असं विचारणारी ती नजर होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ‘धन्यवाद’ म्हणून ते खाली बसले. त्यांच्यासमोर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही.

घरी जाताना जीपमध्ये मी म्हटलं, "आबा, चुकलं माझं. मी तसं लिहायला नको होतं."

"काही चुकलं नाही. लोकांना आवडलं आहे."

मला रडू फुटलं. म्हटलं, "आबा, कावून असं बोलायलाव माझ्यासंगं?" पुण्यात राहून राहून माझी जीभ वळेना. ते शब्द माझ्याच कानाला खोटे लागले.

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं." आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

सकाळी जाग आली ती आबांच्या आवाजाने. गोठ्यात म्हैस पान्हा चोरत होती आणि आबांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "कावून गं भवाने? आज कावून नखरे करायलीस? राती पेंड खाताना तर लई गोड दिसत हुतीस! का पुन्याला जायाचं हाय तुला बी?" आई चुलीपाशी खुदुखुदु हसत होती. तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, गेला राग, आले माझे आबा परत. मी अनवाणीच धावत गोठ्याच्या दारात गेले.

आबांनी मला पाहिलं. धारेचा हात थांबला. त्यांनी चरवी बाजूला ठेवली, धोतराच्या सोग्याला हात पुसले. तोंडातल्या तोंडात शब्द जुळवून घेत होते.

"आंघोळीचं पाणी तापलं आहे," ते म्हणाले.

‘ण’ अगदी बरोबर होता.