मटण चालू, खोटं बंद

चर्चमधले किस्से गोळा करावे लागत नाहीत. उपासना सुटली, चपला शोधायला बाहेर आलं, की चपलेआधी किस्साच पायात येतो! सोलापूरच्या आमच्या मंडळीत मी बरीच वर्षं पेटी वाजवली. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर जो उपवासकाळ आला, त्यानं एकट्यानं जेवढे किस्से दिले तेवढे बाकीच्या वर्षांनी मिळून दिले नाहीत.

उपवासकाळ म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आमच्याकडे त्यात मटण सोडायचा रिवाज. त्या वर्षी चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, उपदेशाला उभे राहिले आणि म्हणाले, "दुष्काळात तुम्ही पुष्कळ सोडलंत. यंदा मटण खा. खोटं सोडा!"

नाताळातसुद्धा झाला नसेल एवढा मोठा 'आमेन' झाला.

फक्त माझ्या शेजारणीनं, मार्थाबाईंनी, कपाळाला हात लावला. त्यांची सुनंदा दवाखान्यात नर्स. गुणाची पोर, पण स्वयंपाकाच्या नावानं पूज्य! मागे बार्शीची माणसं तिला बघायला आली तेव्हा "सगळं तिनंच केलंय" असं मार्थाबाईंनी ठोकून दिलं होतं. मुलाच्या आत्यानं लगेच परात पुढे सरकवली, "एक भाकरी थाप की, पोरी." झालं! "स्वयंपाक शिकवता येतो, खोटेपणाचं काय करायचं?" म्हणत ती माणसं उठून गेली. सुनंदा कितीतरी दिवस हसली नाही. आता कुर्डुवाडीची माणसं यायची होती, आणि तीही नेमकी ईस्टरच्या आधी. त्यांचा दावीद सुनंदाला एका शिबिरात दिसला होता आणि मनापासून आवडला होता.

*

पहिला बळी शामुवेलमामा! ते गिरणीत होते. ड्यूटीवर लेट झालं की त्यांची एखादी मावशी वारायची, हा नेम. त्या सोमवारी जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, विचारलं, "आज कोण गेलं?"

"कुणी न्हाय, साहेब. झोप लागली."

"आणि त्या आधीच्या मावश्या?"

"हायत की! लई ठणठणीत हायत!"

जॉबर पोट धरून हसला, आणि हसत हसतच अर्ध्या दिवसाचा खाडा लावला.

*

याच मामांना गायची भारी हौस. रविवारी एकट्यानं गीत म्हटलं आणि खाली येऊन विचारतात, "कसं झालं?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. शेवटी मीच धीर केला.

"मामा, पेटी मस्त वाजली!"

*

ऐन जेवणाच्या वेळी मार्थाबाईंकडे मंडळीतलेच एक गृहस्थ टपकले. बाई म्हणाल्या, "बसा. पण जेवायला राहा म्हणत नाही, खोटं होईल."

"मग मी पण खरंच सांगतो," ते म्हणाले, "जेवायलाच आलोय!"

आणि जेवूनच गेले.

*

पाळकसाहेबांनी घरी विचारलं, "आजचा उपदेश कसा झाला?"

पाळकीणबाई म्हणाल्या, "लांब."

पुढच्या रविवारी बाराच्या आत सगळे घरी! बायकांनी पाळकीणबाईंकडे बरणीभर शेंगाचटणी पोहोचवली.

*

शेवटी सगळे पाळकसाहेबांच्या दारात. शामुवेलमामा पुढे. "साहेब, आमी मटण सोडतो, पण खोटं चालू करा!"

"खोटं तुम्ही शेजाऱ्याशी बोलता, मामा. पण ऐकतो देव," पाळकसाहेब म्हणाले.

*

आणि कुर्डुवाडीची माणसं आली. मध्यस्थ पाळकसाहेबच. मी ताटं वाढायला होते. दावीदच्या आईनं रस्सा भुरकला, बोटं चाटली आणि विचारलं, "कुनी केलंय हे?"

मार्थाबाईंची पंचाईत! खरं बोलावं तर पोरीचं लग्न मोडतंय, खोटं बोलावं तर देव ऐकतोय! त्यांचे नुसते ओठ हलत होते. माझ्याच्यानं बघवेना.

तेवढ्यात पाळकसाहेब बोलून गेले, "सगळं सुनंदानंच!"

आम्ही थक्क! इतके दिवस आम्हाला धारेवर धरणारा माणूस पोरीच्या मायेपोटी घसरला. मला तर त्या क्षणी ते फार जवळचे वाटले.

पण सुनंदा उठून उभी राहिली. "पाळकसाहेब, खोटं नको. आईनं केलंय. मला फक्त चहा येतो, आणि तोही आई गाळते." तिनं एकही शब्द गिळला नाही.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

दावीदच्या आईनं ताट बाजूला सारलं. "मग आमच्या पोराला खायाला कोन घालनार? चला, उठा."

आल्यापासून मूग गिळून बसलेला दावीद जागचा हलला नाही.

"आई, तुला तरी कुटं येतो स्वयंपाक? घरात मीच करतो की!"

बाई उठता उठता परत खाली बसल्या. दावीदनं वळून सुनंदाकडे बघितलं.

"तुमाला तिखट किती लागतं?"