‘टेक’चा पाढा

आमच्या घराचा धंदा जित्या माणसाला खांदा द्यायचा. फर्दापुरात लोक असंच म्हणायचे आणि म्हणून हसायचे. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांत ज्यांना चढ झेपत नाही ते म्हातारे, आजारी, लठ्ठ आणि काही नुसतेच ऐटबाज, अशांना खुर्चीत बसवून वर न्यायचं. खुर्चीच्या दोन्ही अंगांना लांब बांबू, आणि बांबूंखाली चार माणसं. ह्याला डोली म्हणतात. पुढं माझा बाप आणि थोरला चुलता, मागं धाकटा चुलता आणि जो कुणी मिळेल तो.

बैलाच्या मानेला पडतो तसा घट्टा बापाच्या खांद्याला होता. तो एकाच कुशीवर झोपायचा. त्याच्या सदऱ्याचा खांदा आधी फाटायचा, म्हणून नवा सदरा शिवला की आई पहिल्याच दिवशी त्यावर गोणपाटाचं ठिगळ लावून टाकायची. पावसाळ्यात प्रवासी नसत. तेव्हा आई गवत कापायला जायची आणि आम्ही ज्वारीच्या कण्या खायचो. हे मी कीव यावी म्हणून सांगत नाही. कीव करणारे लोक मला पहिल्यापासून आवडत नाहीत.

निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या आधी मी उर्दूत पहिली शिकलो. पुढं एका सुटीनंतर शाळेत गेलो तर शाळा मराठी झालेली. मास्तर तेच, फळा तोच, छडीही तीच. आणि रीतही तीच: सगळं ओरडून पाठ करायचं. उर्दूत पहाडे म्हणा नाहीतर मराठीत पाढे म्हणा, घसा सारखाच बसतो.

मॅट्रिक झालो तेव्हा घरात बैठक झाली. बाप म्हणाला, "इंग्रजीत पास होत जाशील तवर शीक. नापास झालास की ये आन् मागचा दांडा धर. जागा तुझीच हाय." धाकटा चुलता म्हणाला, "गोऱ्यांशी बोलाया तरी यील पोराला." म्हणजे माझी बी.ए. आणि डोलीचा मागचा दांडा ह्यांच्या मध्ये इंग्रजीचा पेपर उभा होता.

औरंगाबादेत मी हर्सूलला आत्याकडे राहायचो आणि कॉलेजात पायी जायचो. इंग्रजीचे सर पुण्याकडून आलेले. भर उन्हात कोट घालायचे आणि घाम पुसताना आमच्याकडे असं बघायचे की जणू हे ऊन आम्हीच पाडलंय. आमचं ‘लई’ आणि ‘व्हय’ ऐकून त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "निजाम गेला, पण तुमच्या जिभेवरून काही उतरला नाही," असं ते म्हणत आणि पुढच्या बाकावरची पोरं हसत. ती पोरंही आमच्याच मुलखातली. पण वर्गात स्वतःला वगळून हसायची कला त्यांना लवकर साधली होती.

सरांची शिकवण्याची रीत अशी. एक इंग्रजी क्रियापद घ्यायचं, त्याचे सगळे अर्थ ओळीनं उतरवून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी उभं करून त्याच ओळीनं म्हणून घ्यायचे. ‘टेक’ त्यांचा लाडका. टेक म्हणजे घेणे, नेणे, पकडणे, जिंकणे, व्यापणे, लागणे, पिणे, स्वीकारणे, मानणे, आणि असं करत करत पार खाली सहन करणे. ओळ चुकली की पुन्हा घेण्यापासून. आम्हाला हे फार सोपं वाटलं. पाढे ओरडण्यात आमची हयात गेली होती. एका जहागीरदाराचा पोरगा तर डोळे मिटून, किंचित डुलत म्हणायचा; हातात घंटा तेवढी नसायची. सर त्याला म्हणायचे, "ह्याला म्हणतात इंग्रजी." मीही पाठ केलं. हर्सूलहून कॉलेजापर्यंतच्या वाटेवर माझा ‘टेक’ म्हणून व्हायचा, आणि मी खूश. मला इंग्रजी येतंय असं मला वाटत होतं. मूर्खपणाला एवढी शिस्त असली की तो विद्येसारखा दिसतो.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो. चौथा माणूस तापानं पडलेला, म्हणून मी दांड्याखाली गेलो. धाकट्या चुलत्यानं बाकीच्या डोलीवाल्यांत जाहीर केलं, "आमचं पोरगं इंग्रजी कॉलेजात हाय!"

"मंग खांदा कशाला देतंय? तोंड दी म्हणावं!" एक जण म्हणाला आणि सगळे खिदळले.

डोलीत एक म्हातारा गोरा बसला. त्याची बायको छत्री घेऊन बाजूनं चालत होती. बापाची एक सवय होती: प्रत्येक वळणावर मान वळवून बसलेल्या माणसाचं तोंड बघायचं. गोरा असो, मारवाडी असो, कुणी असो, बाप बघायचा. भाषा कळत नव्हती म्हणून असेल. त्या दिवशी निघताना तो म्हणाला, "आज मागं बघायचं काय कारण? पोरगं हाय की." आणि सरळ पुढं बघून चालू लागला.

अर्धा चढ झाल्यावर बाई माझ्याजवळ आली. लगबगीनं म्हणाली, "ही कान्ट टेक द सन."

‘ही’ कळलं, ‘सन’ कळलं. मधलं ‘टेक’ तर माझ्या हातचा मळ. मी सुरुवात केली. घेणे, नेणे, पकडणे...

"काय म्हणती रं बाई?" शेजारून चुलत्यानं विचारलं.

"सांगतो." जिंकणे, व्यापणे...

"अरं बोल की! काय पायजे तिला?"

"सांगतो म्हणलं ना!" तेवढ्यात ओळ चुकली आणि मी पुन्हा घेण्यावर गेलो.

मला तो पाढा मधूनच कुठून धरता येत नव्हता. ज्याला सातसक किती विचारलं की सात एके सातपासून निघावं लागतं, त्याच्यासारखी माझी गत. बाई आता ओरडत होती. बाप चालतच होता, कारण काही असतं तर पोरानं सांगितलं असतं. आणि पोरगा ओठ हलवत होता. मी ‘सहन करणे’पाशी पोचलो तेव्हा म्हाताऱ्याची मान छातीवर पडलेली होती.

डोली खाली ठेवली. बापानं मुंडासं सोडून सावली धरली, चुलत्यानं पाणी मारलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. तो वाचला, त्याला काही झालं नाही. पण बाई रडली, मग तिनं आरडाओरड केली, आणि डोल्यांच्या ठेकेदारानं त्या हंगामापुरती आमची पाळी बंद केली. ऐन हंगामात आई पुन्हा गवताला गेली.

रात्री जेवताना धाकटा चुलता म्हणाला, "दादा, ह्याचं कॉलेज बास करा. दांडा तरी नीट धरील."

बाप म्हणाला, "नापास झाल्यावर यायचं ठरलंय. अजून झाला नाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाईचं तोंड बघितलं असतंस तरी कळलं असतं."

एवढंच. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

सुटी संपली. पहिल्याच तासाला सरांनी मला उभं केलं. "हं, फर्दापूर. टेक."

"नाही म्हणणार, सर."

"पाठ नाही?"

"पाठ आहे. म्हणूनच नाही म्हणणार. उपयोग नाही त्याचा."

जहागीरदाराच्या पोरानं डोळे उघडले. सर हसले, ते त्यांचं नेहमीचं हसू, रुमालाच्या आडून. "उपयोग तुम्ही ठरवणार? तुमच्या त्या डोंगरावर काय करता तुम्ही, हमाली ना? मार्चच्या परीक्षेत निकाल लागेल. मग करा पुन्हा."

"करीन सर. पण पाढा नाही म्हणणार."

"बाहेर!"

मी बाहेर गेलो आणि वर्ष संपेपर्यंत त्यांच्या तासाला बाहेरच राहिलो. आतून ‘टेक’ संपून ‘गेट’ सुरू झाल्याचा आवाज यायचा. मी वाचनालयात जाऊन बसायचो. तिथं इंग्रजी गोष्टींची पुस्तकं धूळ खात पडलेली. सरांच्या शिष्यांना ती लागत नव्हती. मी एकेक वाक्य घ्यायचो आणि बापासारखा मान वळवून बघायचो: बोलतंय कोण? कुणाला? घाईत आहे का? रागात आहे? त्याच्या हातात काय आहे? माणूस दिसला की ‘टेक’ आपोआप कळायचा. नाही दिसला तर मागचं पान उलटायचो. डिक्शनरी सगळ्यात शेवटी. सुरुवातीला एक पान वाचायला अख्खी दुपार जायची. आत्या म्हणायची, "बाबा, पुस्तक वाचतोस का त्याला राखण बसतोस?" पण पुढं पुढं पानं सरकायला लागली. ज्या शब्दाचे ढीगभर अर्थ मी घोकले होते, तो शब्द गोष्टीत भेटला की एकाही अर्थाची आठवण काढावी लागत नव्हती. एका गोष्टीतल्या म्हातारीनं मुलाला ‘टेक केअर’ म्हटलं आणि माझे डोळे भरले. सरांच्या यादीत ते नव्हतं.

मार्चचा पेपर बाहेरच्या माणसानं काढलेला होता. त्यात एक उतारा होता, कुठल्याशा कुटुंबाच्या प्रवासाचा, आणि त्यावर प्रश्न. यादी कुणीच विचारली नव्हती. जहागीरदाराच्या पोरानं म्हणे उत्तरपत्रिकेत ‘टेक’चे सगळे अर्थ ओळीनं लिहून ठेवले, परीक्षकाला हवा तो त्यानं घ्यावा. तो नापास झाला. मी पास झालो. सर म्हणाले, पेपरच चुकीचा काढला होता. माझ्याशी ते पुढं बोलले नाहीत आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आता गंमत ऐका. तोच जहागीरदाराचा पोरगा आज औरंगाबादेत उस्मानपुऱ्यात इंग्रजीचे क्लास चालवतो. मोठा बोर्ड, बोर्डावर टाय लावलेला त्याचा फोटो. भाजी आणायला जाताना खिडकीतून आवाज येतो: पोरं ‘टेक’ म्हणत असतात, त्याच ओळीनं, घेण्यापासून. खाली स्कूटरवर आईबाप कौतुकानं माना डोलावत उभे असतात. एकदा एका बापाला मी विचारलं, "पोराला इंग्रजी बोलता येतं का हो?" तो म्हणाला, "अजून बोलण्यापर्यंत आलं नाही, अर्थ चालू आहेत." मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागलो. अशा माणसाशी बोलण्यात कोथिंबीर सुकते.

तर, त्या मार्चनंतर दर वर्षी मी इंग्रजीत पास होत गेलो आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. निकाल सांगायला गेलो तेव्हा बाप दांड्याखाली होता. त्यानं डोली खाली ठेवली नाही, नुसती मान वळवून माझं तोंड बघितलं, आणि त्याला कळलं. मागच्या दांड्याला त्यांनी दुसरा माणूस कायमचा घेतला.