नासपती आणि गाडीभर झेंडू

चिनी मावशी भांडायला लागली की आमच्या शिवाजी पेठेतल्या बायका चुलीवरचं टाकून बघायला यायच्या. तोंडवळा चिनी, शिव्या अस्सल कोल्हापुरी. जन्म कलकत्त्याचा, नवरा पेठेत दातांच्या कवळ्या बनवायचा.

पाऊस सरला की ती सगळ्यांच्या मागे लागायची. "हवा कोरडी झाली, आता फुप्फुस सांभाळा. तिखट कमी करा, लवकर झोपा, नासपती वाफवून खा." तिच्या आजोबांची चिनी वैदकी होती. आम्ही हसायचो. कोल्हापुरात तिखट कमी करा म्हणणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

मी मंडईत फुलं विकायला बसायचे. ओरडण्यावरच धंदा. एका वर्षी दसऱ्यासाठी गाडीभर झेंडू घेतला आणि तीन दिवस आधी आवाज बसला. घसा मोकळा व्हावा म्हणून ठेचा-भाकरी खाल्ली. सकाळी आवाज पुरताच गेला. दसऱ्याची दुपार टळली की झेंडू म्हशींपुढेच टाकायचा!

मावशी कडाडली, "ठेचा खाल्लास? त्यापेक्षा निखारा गिळायचा हुतास की!" तिनं नासपती कोरली, आत मध घातला, वाफवली आणि समोर बसून खायला लावली. "आता दोन दिवस तोंड मिट." मला गप्प बसवणं माझ्या सासूलाही जमलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी आवाज घोगराच होता. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तिनं त्यावर हात दाबला आणि स्वतःच ढिगामागे उभी राहिली.

"झेंडू घ्या की पावणं! माझ्याकडं काय बघताय, फुलांकडं बघा!"

काय गर्दी लोटली! एक पैलवान म्हणाला, "मावशी, चीनचा झेंडू हाय व्हय?"

"गडहिंग्लजचा हाय! चीनचा तुला सोसायचा न्हाय. घे!"

बाराच्या आत ढीग संपला. आणि मावशीचा आवाजही.

संध्याकाळी मी नासपती वाफवून तिच्या घरी गेले. माझा आवाज तोवर जरा फुटला होता. म्हटलं, "आता दोन दिवस तोंड मिट." ती हसली आणि खोकत बसली.

पुढे ती लेकाकडे कलकत्त्याला गेली. रडारड झाली नाही. गाडी सुटल्यावर खिडकीतून ओरडली, "ठेचा कमी खा गं!" अख्खं स्टेशन वळून बघायला लागलं.

ठेचा मी सोडला नाही. पण दरवर्षी दसऱ्याआधी नासपती खाते आणि दोन दिवस गप्प बसते. गुण कशानं येतो, मला ठाऊक नाही. सुनेनं मावशीला कधी पाहिलेलं नाही, पण त्या दोन दिवसांत घरात सगळ्यात खूश तीच असते.